स्मार्ट सिटी : अनेक यंत्रणा, एक शहर

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्याची नोंद होती अवघी ७३ मिलिमीटर. एकाच शहराच्या दोन टोकांना त्या दिवशी जणू दोन वेगळे ऋतू चालू होते. दक्षिण मुंबईतील कार्यालयांतून घरी निघालेल्या असंख्य चाकरमान्यांना उपनगरात मिठी नदीने काय मांडले आहे, याची कल्पना वाटेत अडकल्यावरच आली. पावसाची नोंद हवामान खात्याकडे, गाड्यांची स्थिती रेल्वेकडे, रस्त्यांची स्थिती वाहतूक पोलिसांकडे, तर नाल्यांची आणि पंपांची माहिती महापालिकेकडे, असा सारा मामला होता. ज्याची माहिती त्याच्यापाशीच राहिली. ती एका वेळी, एका ठिकाणी, निर्णय घेणाऱ्याच्या हाती पडेल अशी व्यवस्था नव्हती. त्या अतिवृष्टीत राज्यभरात एक हजाराहून अधिक माणसे दगावली.

या घटनेनंतरच्या दोन दशकांत आपली शहरे संगणक, कॅमेरे आणि सेन्सर यांनी भरून गेली. तरीही मूळ प्रश्न शिल्लक आहेच. शहरातील निरनिराळ्या कामांसाठी उभारलेल्या स्वतंत्र यंत्रणांना एकमेकींची माहिती कळावी, ती सर्वांनी सारख्याच अर्थाने समजून घ्यावी आणि तिच्या आधारे कोणी काय करायचे हे आधीच ठरलेले असावे, या व्यवस्थेला ‘एकात्मीकरण’ असे म्हणतात. ‘स्मार्ट सिटी’ या संकल्पनेतील सर्वांत कमी दिसणारा, परंतु सर्वांत अवघड भाग तोच आहे.

विखुरलेल्या यंत्रणा

कोणत्याही मोठ्या महापालिकेचा कारभार पाहिला, तर तेथे तंत्रज्ञानाची वानवा आढळत नाही. पाणीपुरवठा विभागाकडे जलशुद्धीकरण केंद्रे आणि पंप दुरून हाताळणारी ‘स्काडा’ यंत्रणा असते. विद्युत विभागाकडे पथदिव्यांचे नियंत्रण असते. घनकचरा विभागाच्या घंटागाड्यांवर जीपीएस बसवलेले असते. करसंकलन विभागाची मालमत्तांची यादी संगणकावर असते, तर नगररचना विभागाकडे विकास आराखड्याचे नकाशे असतात. शहर बससेवेचे वेळापत्रक परिवहन उपक्रमाकडे, सिग्नल आणि कॅमेरे वाहतूक पोलिसांकडे, तर वीजपुरवठा आणखी एका कंपनीकडे असतो.

यांपैकी प्रत्येक यंत्रणा वेगळ्या वर्षी, वेगळ्या निविदेतून, वेगळ्या पुरवठादाराकडून खरेदी केलेली असते. निविदा काढणाऱ्या विभागाने आपल्यापुरता विचार केलेला असतो आणि तो त्या वेळी योग्यही असतो. अडचण येते ती शहरासमोरचा प्रसंग खात्यांच्या सीमा ओलांडून जातो तेव्हा. रस्त्याखालची मुख्य जलवाहिनी फुटते, त्या क्षणी पाणीपुरवठा, पथ विभाग, वाहतूक पोलीस, बससेवा, अग्निशमन दल आणि वीज कंपनी अशा सहा ठिकाणी एकच प्रसंग उभा राहतो. सहा यंत्रणांत त्याच्या सहा नोंदी होतात. त्या नोंदी एकाच घटनेच्या आहेत, हे यंत्रणांना मात्र ठाऊक नसते. ते दूरध्वनीवरून माणसांनाच एकमेकांना सांगावे लागते.

मोहिमेची दहा वर्षे

देशात या प्रश्नाला राष्ट्रीय पातळीवर हात घातला गेला तो ‘स्मार्ट सिटीज मिशन’मधून. केंद्र सरकारने २५ जून २०१५ रोजी ही मोहीम सुरू केली. स्पर्धेच्या पद्धतीने टप्प्याटप्प्याने १०० शहरांची निवड झाली. महाराष्ट्रातून पुणे, सोलापूर, नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, पिंपरी-चिंचवड आणि त्या वेळचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ही आठ शहरे, तर गोव्यातून पणजी या यादीत आली. बृहन्मुंबई त्यात नव्हती. प्रत्येक शहरात राज्य सरकार आणि महापालिका यांची समान भागीदारी असलेली स्वतंत्र कंपनी स्थापन करण्यात आली. या रचनेमुळे लोकनियुक्त सभागृहाचे अधिकार बाजूला पडतात, असा आक्षेप त्या वेळी अनेक शहरांतून घेतला गेला होता.

मोहिमेला वेळोवेळी मुदतवाढ मिळाली आणि अखेर ३१ मार्च २०२५ रोजी ती संपली. या काळात देशभरात आठ हजारांहून अधिक प्रकल्प हाती घेण्यात आले. त्यांत रस्ते, उद्याने, जलवाहिन्या अशी नेहमीची कामे मोठ्या प्रमाणावर होती. सर्व १०० शहरांत समान असलेली गोष्ट मात्र एकच, ती म्हणजे ‘एकात्मिक आदेश व नियंत्रण केंद्र’. भिंतभर पडदे, त्यांच्यासमोर बसलेले कर्मचारी आणि पडद्यांवर चौकाचौकांतील दृश्ये, हे या केंद्राचे चित्र वाचकांच्या परिचयाचे आहे.

पडद्यांमागे काय असते?

नियंत्रण केंद्राची रचना पाच थरांची मानता येते. सर्वांत खालच्या थरात प्रत्यक्ष उपकरणे असतात. कॅमेरे, पाण्याचे मीटर, हवेची गुणवत्ता मोजणारे सेन्सर, बसमधील जीपीएस, नाल्यातील पाण्याची पातळी मोजणारी उपकरणे हा झाला पहिला थर. दुसरा थर दळणवळणाचा, म्हणजे ऑप्टिकल फायबर किंवा बिनतारी जाळ्याचा. तिसऱ्या थरात माहिती गोळा होते, तपासली जाते आणि समान स्वरूपात आणली जाते. चौथ्या थरात या माहितीवर काम करणाऱ्या संगणक प्रणाली असतात. पाचव्या थरात पडदे आणि त्यांच्यासमोरची माणसे असतात.

एक यंत्रणा दुसरीला ज्या ठरावीक पद्धतीने माहिती विचारते आणि पुरवते, तिला ‘एपीआय’ म्हणतात. बँकेच्या खिडकीशी तिची तुलना करता येईल. आतल्या तिजोरीची रचना ग्राहकाला ठाऊक असण्याचे कारण नसते. कोणती चिठ्ठी भरून दिली की काय मिळते, एवढे कळले की पुरते. यंत्रणेला अशी खिडकीच ठेवलेली नसेल, तर आतली माहिती कितीही मोलाची असो, ती बाहेरच्यांच्या उपयोगाची नसते.

खरी कसोटी तिसऱ्या थराची असते आणि नेमका तोच थर कोणाला दिसत नाही. पहिल्या थरातील कॅमेरे थेट पाचव्या थरातील पडद्याला जोडले, तरी भिंत भरून जाते. एका पडद्यावर सिग्नल, दुसऱ्यावर बस आणि तिसऱ्यावर घंटागाड्या दिसू लागतात. परंतु दहा यंत्रणा शेजारी-शेजारी मांडल्या म्हणजे त्या एक झाल्या, असे होत नाही. नाल्याची पातळी धोक्याच्या रेषेजवळ येताच त्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसमार्गांची यादी आपोआप समोर यावी, जवळच्या उदंचन केंद्रातील पंप चालू आहेत की नाही हे कळावे आणि कोणत्या अधिकाऱ्याला संदेश गेला याची नोंद राहावी, तेव्हा एकात्मीकरण झाले असे म्हणता येईल.

नावात काय आहे?

यंत्रणा जोडताना सर्वांत आधी आडवा येणारा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. तो म्हणजे नावांचा. पुण्यातील रहिवासी ज्याला ‘अलका टॉकीज चौक’ म्हणतो, त्याचे अधिकृत नाव ‘टिळक चौक’ आहे. तेथून जवळच असलेला ‘लकडी पूल’ कागदोपत्री ‘छत्रपती संभाजी पूल’ आहे. पुणेकराला यात काहीच अडचण वाटत नाही. संगणकाच्या लेखी मात्र ही चार वेगळी ठिकाणे आहेत. अग्निशमन दलाच्या यादीत एक नाव आणि वाहतूक विभागाच्या यादीत दुसरे असेल, तर एकाच ठिकाणच्या दोन तक्रारी संगणकाला कधीच जुळवता येणार नाहीत.

हीच गत मालमत्तांची. एकाच इमारतीला करसंकलन विभागाचा एक क्रमांक, पाणीजोडणीचा दुसरा, वीज मीटरचा तिसरा आणि भूमापनाचा चौथा असतो. या चारही क्रमांकांचा एकमेकांशी संबंध लावणारी यादी नसेल, तर कोणत्या इमारतीत किती पाणी जाते आणि तिची करआकारणी कशी झाली आहे, हा साधा प्रश्नही सुटत नाही. म्हणून प्रत्येक चौकाला, रस्त्याच्या तुकड्याला, खांबाला आणि मालमत्तेला एकच कायमस्वरूपी सांकेतिक क्रमांक देणे आणि तो नकाशावर अक्षांश-रेखांशांसह नोंदवणे, ही एकात्मीकरणाची पहिली पायरी ठरते. या कामाचे उद्घाटन करता येत नाही, त्याची कोनशिला बसवता येत नाही. त्यामुळे ते मागे पडण्याचा धोका मोठा असतो.

घड्याळांचेही तसेच. एका यंत्रणेचे घड्याळ चार मिनिटे पुढे आणि दुसरीचे दोन मिनिटे मागे असेल, तर आधी सिग्नल बंद पडला की आधी अपघात झाला, याचा उलगडा नंतरच्या चौकशीत होणे कठीण जाते.

बाल्टिमोरची आग आणि मानकांचे महत्त्व

यंत्रणा एकमेकींशी जुळाव्यात म्हणून आधी ठरवून घेतलेले समान नियम, म्हणजेच मानके, किती महत्त्वाची असतात याचा धडा संगणकाच्या कितीतरी आधी मिळालेला आहे. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांतून बंब मदतीला धावून आले. परंतु त्यांच्या नळ्यांची तोंडे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांना बसेनात. प्रत्येक शहराचे आटे वेगळे होते. पाणी होते, बंब होते, माणसे होती. तरीही पंधराशेहून अधिक इमारती जळाल्या. या आगीनंतर, १९०५ मध्ये, नळ्यांच्या जोडणीचे राष्ट्रीय मानक ठरवण्यात आले. मानक ठरले तरी ते सर्वत्र लागू होण्यास वेळ लागतो. शंभर वर्षांनीही अमेरिकेतील सगळ्या शहरांनी ते पूर्णपणे स्वीकारलेले नव्हते.

आजच्या शहरातील ‘आटे’ म्हणजे माहितीचे स्वरूप. या बाबतीतले एक यशस्वी उदाहरण सार्वजनिक वाहतुकीतील आहे. अमेरिकेतील पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था ‘ट्रायमेट’ आणि गुगल यांनी २००५ मध्ये थांबे, मार्ग आणि वेळा नोंदवण्याची एक साधी पद्धत तयार केली. ती पुढे ‘जीटीएफएस’ या नावाने जगभर रुळली. या पद्धतीत काही साध्या मजकूर-फायली असतात, याहून अधिक काही नाही. परंतु वेळापत्रक या स्वरूपात प्रसिद्ध केले की नकाशा दाखवणारे कोणतेही ॲप ते वाचू शकते. प्रत्येक शहराने स्वतंत्र ॲप विकसित करण्याची गरज उरत नाही. दिल्लीने २०१८ मध्ये आपल्या बससेवेची माहिती याच प्रकारे खुली केली.

स्पेनमधील बार्सिलोना शहराने सेन्सरसाठी असाच मार्ग धरला. हवा, आवाज, वाहनतळ, कचरापेट्या अशा सर्व सेन्सरची माहिती ज्या एकाच मंचावर येते, तो ‘सेन्टिलो’ हा मंच शहराने खुल्या स्रोताच्या पद्धतीने विकसित केला. सेन्सर कोणत्याही कंपनीचा असो, त्याने माहिती सेन्टिलोला समजेल अशाच स्वरूपात द्यावी, अशी भूमिका त्यामागे आहे. खुला स्रोत असल्यामुळे इतर नगरपालिकांनाही तो वापरता येतो. युरोपातील ‘एत्सी’ या मानक संस्थेने शहरांच्या माहितीच्या देवाणघेवाणीसाठी ‘एनजीएसआय-एलडी’ हे मानक २०१९ मध्ये प्रसिद्ध केले.

भारतही या बाबतीत रिकाम्या हाताने बसलेला नाही. भारतीय मानक ब्युरोने २०२० मध्ये शहरांच्या एकसंध डिजिटल पायाभूत रचनेसाठी ‘आयएस १८०००’ हे मानक प्रसिद्ध केले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाच्या सहकार्याने ‘इंडिया अर्बन डेटा एक्स्चेंज’ हा मंच विकसित केला. ज्याची माहिती त्याच्याकडेच राहते, मात्र तिची देवाणघेवाण ठरलेल्या पद्धतीने आणि परवानगीने होते, हे या मंचाचे तत्त्व आहे. पुणे हे त्याचा सुरुवातीला वापर करणाऱ्या शहरांपैकी एक होते.

माणसे एकत्र आली तरच

तंत्रज्ञान जुळले की काम संपले, असे नाही. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे एप्रिल २०१० मध्ये अतिवृष्टीने दरडी कोसळून राज्यात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर, ३१ डिसेंबर २०१० रोजी, तेथे ‘रिओ ऑपरेशन्स सेंटर’ सुरू झाले. आयबीएम कंपनीच्या सहभागामुळे जगभर त्याच्या तंत्रज्ञानाची चर्चा झाली. परंतु त्या केंद्राचे तितकेच महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे सुमारे तीस विभागांचे आणि सेवासंस्थांचे प्रतिनिधी तेथे एकाच सभागृहात बसतात. पडद्यावर दिसलेल्या गोष्टीवर कृती करण्याचा अधिकार असलेला माणूस त्याच खोलीत असतो.

मुंबईचा करोनाकाळातील अनुभव याच दिशेचा आहे. मुंबई ‘स्मार्ट सिटी’ मोहिमेत नव्हती. तरीही २०२० मध्ये महापालिकेने २४ प्रभागांत वॉर रूम उभारल्या. प्रयोगशाळांकडून आलेल्या बाधितांच्या अहवालांची मुख्यालयात प्रभागनिहाय वर्गवारी होई आणि ती यादी त्या-त्या प्रभागाकडे जाई. रुग्णाशी संपर्क साधणे आणि त्याला रुग्णालयात खाट मिळवून देणे, हे काम प्रभागाच्या वॉर रूमचे. या व्यवस्थेचा कणा भिंतभर पडदे नव्हते, तर माहिती कोणाकडून कोणाकडे, किती वेळात जाईल आणि ती मिळाल्यावर कोण काय करील, हा ठरलेला क्रम होता. याच काळात देशातील अनेक स्मार्ट शहरांची नियंत्रण केंद्रेही वॉर रूम म्हणून वापरली गेली.

पुराच्या बाबतीतही मुंबईत पुढचे पाऊल पडले. १२ जून २०२० रोजी ‘आयफ्लोज-मुंबई’ ही एकात्मिक पूर-इशारा यंत्रणा सुरू झाली. केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालय आणि महापालिका यांनी मिळून ती उभारली. पावसाचा अंदाज, शहरातील पर्जन्यमापकांच्या नोंदी, भरतीची उंची, नद्या आणि तलावांची पातळी, जमिनीचा चढ-उतार आणि पर्जन्यजल वाहिन्यांची क्षमता असे वेगवेगळ्या संस्थांकडील घटक एकत्र करून कोणत्या भागात किती पाणी साचू शकते, याचा अंदाज ती देते. २००५ मध्ये जी माहिती वेगवेगळ्या कार्यालयांत पडून होती, ती एका नकाशावर आणण्याचा हा प्रयत्न आहे. इशारा मिळाल्यानंतर लोकल थांबवणे, शाळा सोडणे, वस्ती हलवणे हे निर्णय मात्र आजही माणसांनाच घ्यावे लागतात.

प्रवाशाच्या हाती काय?

सामान्य नागरिकाला एकात्मीकरणाचा थेट अनुभव येतो तो तिकिटाच्या खिडकीवर. बसचे कार्ड मेट्रोत चालत नाही आणि मेट्रोचे कार्ड बसमध्ये, हा प्रकार अनेक शहरांत वर्षानुवर्षे चालला. ४ मार्च २०१९ रोजी सुरू झालेल्या ‘नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड’चा उद्देश हा गोंधळ संपवण्याचा होता. देशातील कोणत्याही सहभागी वाहतूक सेवेत चालणारे हे कार्ड आहे. परंतु त्यासाठी प्रत्येक सेवेच्या दारावरील यंत्र या मानकाचे असावे लागते आणि जमा झालेल्या रकमेची वाटणी कशी करायची, याचा करार सेवासंस्थांत व्हावा लागतो. पहिले काम पैशाने होते. दुसऱ्यासाठी सहमती लागते.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झालेले ‘मुंबई वन’ हे ॲप याच वाटेवरचे आहे. उपनगरी रेल्वे, मेट्रोच्या मार्गिका, मोनोरेल आणि मुंबई महानगरातील महापालिकांच्या बससेवा अशा ११ वाहतूक सेवा त्यात एकत्र आणण्यात आल्या. तिकीट एक झाले, ही मोठीच सोय आहे. मात्र मेट्रो स्थानकात पोहोचते तेव्हा बाहेर बस उभी असते का, हा प्रश्न तिकिटाचा नसून वेळापत्रकांच्या एकात्मीकरणाचा आहे.

पुरवठादाराची मगरमिठी

एकात्मीकरण रखडण्याचे आणखी एक कारण निविदेच्या कागदात दडलेले असते. काही यंत्रणांची माहिती केवळ त्याच कंपनीच्या प्रणालीला वाचता येईल अशा बंदिस्त स्वरूपात साठवली जाते. शहराला पुढे ती दुसऱ्या यंत्रणेशी जोडायची असेल, तर त्याच कंपनीला वेगळे पैसे मोजावे लागतात. पुरवठादार बदलायचा म्हटले, तर उपकरणेच बदलावी लागतात. एकदा अडकलेले शहर मग त्याच कंपनीकडून खरेदी करीत राहते.

यावरचा उपाय तांत्रिक कमी आणि कायदेशीर अधिक आहे. माहितीची मालकी महापालिकेची राहील, ती खुल्या मानकानुसार साठवली जाईल, एपीआय आणि त्यांची कागदपत्रे महापालिकेला मिळतील आणि कंत्राट संपल्यावर सर्व माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात परत दिली जाईल, या चार अटी निविदेतच असल्या पाहिजेत. कंत्राट झाल्यावर त्या मागून मिळत नाहीत.

मोहीम संपल्यामुळे या प्रश्नाला आता धार आली आहे. यंत्रणा उभारण्यासाठी केंद्राचा निधी होता. चालवण्याचा आणि देखभालीचा भार स्थानिक तिजोरीवर आहे. कॅमेरे, सर्व्हर आणि सेन्सर यांचे आयुष्य मर्यादित असते. नाल्यावरचा सेन्सर गाळाने झाकला गेला आणि तो साफ करायला कोणी गेले नाही, तर पडद्यावर चुकीचा आकडा दिसत राहतो. चुकीची माहिती सर्व विभागांना एकाच वेळी मिळणे, हा तर माहिती न मिळण्याहून मोठा धोका आहे.

जोडणीचे धोके

यंत्रणा जोडल्या की त्यांची ताकद वाढते, तसेच त्यांचे भयही वाढते. एकटा कॅमेरा रस्ता पाहतो. तोच कॅमेरा वाहनांच्या नोंदणीशी, चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीशी आणि प्रवासाच्या कार्डाशी जोडला गेला, तर एखाद्या माणसाचा दिवस अथपासून इतिपर्यंत कोणाच्या तरी पडद्यावर उमटू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. मात्र शासकीय यंत्रणांना त्यात काही सवलती आहेत. म्हणूनच कोणती माहिती कशासाठी जोडली जाते, ती किती दिवस ठेवली जाते आणि ती कोण पाहू शकते, हे शहराने स्वतःहून जाहीर करणे अगत्याचे ठरते. कॅनडातील टोरोंटो शहरात ‘साइडवॉक लॅब्ज’ या कंपनीने २०१७ मध्ये सेन्सरयुक्त वस्तीची योजना मांडली, तेव्हा माहितीच्या मालकीवरून मोठा विरोध झाला. मे २०२० मध्ये कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचे कारण देऊन ती सोडून दिली.

दुसरा धोका सुरक्षिततेचा. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील अटलांटा शहराच्या संगणकांवर खंडणीखोर हल्ला झाला. देयके भरण्यापासून न्यायालयाच्या कामकाजापर्यंत अनेक सेवा ठप्प झाल्या. सर्व दारे एकाच किल्लीने उघडत असतील, तर ती किल्ली चोरीला जाण्याची किंमत फार मोठी असते. त्यामुळे पाणी, वीज यांसारख्या सेवांच्या नियंत्रणाचे जाळे इतर जाळ्यांपासून वेगळे ठेवणे, बाहेर माहिती जाऊ देणे परंतु बाहेरून आज्ञा येऊ न देणे, आणि सारे बंद पडले तरी पंप हाताने चालवता येतील अशी तजवीज ठेवणे, हे एकात्मीकरणाचेच भाग मानले जातात.

नागरिकांनी विचारायचे प्रश्न

आपल्या शहरातील यंत्रणा खरोखर एक झाल्या आहेत का, हे पाहण्यासाठी नियंत्रण केंद्राला भेट देण्याची आवश्यकता नाही. काही साधे प्रश्न पुरेसे आहेत. एका ठिकाणी केलेली खड्ड्याची तक्रार योग्य विभागाकडे आपोआप जाते, की ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे उत्तर मिळते? नवा रस्ता झाल्यावर महिनाभरात जलवाहिनीसाठी तो पुन्हा खोदला जातो का? बस कोठे आहे, हे प्रवाशाला कोणत्याही ॲपवर कळते का? जोराचा पाऊस सुरू होताच पाणी साचणाऱ्या रस्त्याची सूचना वाहनचालकाला तेथे पोहोचण्यापूर्वी मिळते का? गेल्या पावसाळ्यात नियंत्रण केंद्राने किती इशारे दिले आणि त्यांवर काय कारवाई झाली, हे महापालिका प्रसिद्ध करते का?

या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर भिंतीवर दोन पडदे कमी असले तरी ते शहर स्मार्ट म्हणावे लागेल. उत्तरे नकारार्थी असतील, तर यंत्रणा उभ्या राहिल्या आहेत, त्यांची जोडणी व्हायची आहे, एवढाच त्याचा अर्थ. ही जोडणी दर पावसाळ्याआधी तपासून पाहावी लागते, नाल्यांच्या सफाईसारखीच. अतिवृष्टीच्या दिवशी कुलाब्यातून घरी निघालेल्या माणसाला सांताक्रूझचा पाऊस वेळेत कळला, तर त्या कामाचे चीज झाले असे म्हणता येईल.